जिम्नीची जिप्सी करायची आहे, १/२४ किट कापू का?

बिनसाखरेचा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, पहिलाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

माझा मामा चंद्रपूरचा. ताडोब्याला मोहर्ली गेटवर बरीच वर्षं स्वतःची जिप्सी चालवायचा. गुडघ्यांनी दगा दिला तशी गाडी विकली, पण जुन्या फोटोंचा अल्बम अजून टीव्हीखालच्या कपाटात आहे आणि पाहुणा आला की बाहेर निघतो. डिसेंबरात मामाला पासष्ट पूर्ण होतील. तेव्हा त्याची गाडी त्याच्या हातात द्यायची असं डोक्यात आहे. वीतभरसुद्धा भरणार नाही, पण त्याचीच.

जिप्सीचं प्लास्टिक मॉडेलचं किट मला कुठे मिळालं नाही, म्हणून हासेगावा या जपानी कंपनीचं १/२४ (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं) सुझुकी जिम्नी (जेए११) मागवलं. पार्सल पाच आठवडे कुठेतरी बसून होतं, मग ड्यूटी भरून हातात पडलं. आता डबा उघडून बघतोय तर गाडी ओळखीची वाटते आणि वाटतही नाही. आखूड आहे, वर बंद छप्पर आहे. ती लांब करून, छप्पर उडवून सफारीची जिप्सी करता येईल का? माझा अनुभव म्हणजे कॉलेजात केलेली दोन विमानं, तीही ब्रशने रंगवलेली. एअरब्रश नाही. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, म्हणजे टेबल रोज आवरावं लागतं.

चिमटा:
करता येईल. करू नका.

करवतवाला_कोल्हापूर:
चिमट्याकडं लक्ष देऊ नकोस भावा, त्यानं आजवर एक किट पुरं केलेलं नाही.

आधी आकडे घे. जिम्नी जेए११ चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २०३० मिमी, जिप्सीचा २३७५. फरक ३४५. भागिले २४, म्हणजे १४.४ मिमी. दाराच्या मागे आणि मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढे उभा काप घ्यायचा आणि मधे तेवढी पट्टी घालायची. दार, बॉनेटचा भाग, समोरची काच यांना हात लावायचा नाही. तुझं नशीब बघ, किट जपानी असल्यामुळं स्टिअरिंग आधीच उजवीकडं आहे. मी विलिस जीपला उजवं स्टिअरिंग करायला गेलो होतो तेव्हा डॅशबोर्ड, पेडल, कॉलम, सगळं आरशात बघितल्यासारखं नव्यानं बनवावं लागलं. दोन महिने गेले.

सूक्ष्ममापी:
वरचा हिशेब अर्धाच आहे. जेए११ ची एकूण लांबी ३२९५ मिमी, जिप्सीची ४०१०. फरक ७१५. त्यातले ३४५ व्हीलबेसमध्ये गेले, उरले ३७०. ते बहुतेक मागच्या चाकाच्या मागे आणि थोडे बंपरमध्ये. म्हणजे एक नाही, दोन काप. नुसता व्हीलबेस वाढवलात तर शेपूट तुटलेल्या पालीसारखी दिसेल.

रुंदीचंही तसंच, १३९५ आणि १५४०. पण इथे घाबरू नका, मूळ पत्रा जवळजवळ तोच आहे. फरक पडतो तो चाकांवरच्या फ्लेअरमुळे (कमानीची बाहेर आलेली कड) आणि रुंद अ‍ॅक्सलमुळे. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी दिलेत की झालं.

जेए११ इतकी आखूड का, तर जपानी केई गाड्यांचा नियम. त्या काळी लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर आणि इंजिन ६६० सीसीच्या आत ठेवायचं, तर करात सवलत. सुझुकीने पाच मिलीमीटर राखून गाडी बसवली. आपल्याकडे असली मर्यादा नव्हती, म्हणून १९८५ ला मारुतीने लांब चॅसीची जिप्सी आणली, ९७० सीसीची. जिप्सी किंग पुढे १९९६ ला आली, १३०० सीसीची.

चिमटा:
पाच मिलीमीटर राखून! आमच्या सोसायटीच्या पार्किंगला ह्या जपान्यांना बोलवा.

काचेरी:
मी थोडी वेगळी बाजू मांडते. हे किट सरळ, पुस्तिकेप्रमाणे बांधा. हासेगावाचे भाग इतके नीट बसतात की पुट्टीही फारशी लागत नाही. असं किट पहिल्याच मोठ्या कामात कापायचं म्हणजे पैठणीचे पडदे शिवण्यासारखं आहे. दोन विमानांच्या अनुभवावर दोन काप, एक छप्पर, नवीन सीटं, रोल बार, सगळं एकदम? डिसेंबरात मामांच्या हातात डबाच द्यावा लागेल.

हात बसवायचा असेल तर आओशिमाचं १/३२ चं जिम्नीचं स्नॅप किट मिळतं. गोंद नको, रंग नको, प्लास्टिकच रंगीत असतं. ते आधी कापून बघा.

बिनसाखरेचा:
काचेरीताई, पटतंय. पण पुस्तिकेप्रमाणे केलं तर ती जपानमधल्या कुणाची तरी गाडी होईल, मामाची नाही. स्नॅप किटची आयडिया मात्र घेतली, मागवतो.

मोहर्लीकर:
धागा दिसला नं राहवलं नाही. मी इकडचाच आहो, भाऊ जिप्सी चालवते.

एक गोष्ट ध्यानात घ्या जी. तुम्ही सगळे कंपनीचे आकडे मांडून राहिले, पण सफारीची जिप्सी कंपनीतून तशी येतच नव्हती. गाडी आणायची, टप काढायचा नं वेल्डिंगवाल्याकडं न्यायची. मागच्या सीटा एकीपेक्षा एक उंच, मागच्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे म्हणून. सहा टुरिस्ट मागं, ड्रायव्हर नं गाईड पुढं. पाईप कुठून वाकवायचा, पकडायला दांडा कुठं द्यायचा, पायरी कुठं लावायची, हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं केलं. दोन गाड्या सारख्या भेटणार नाही तुम्हाला. म्हणून पुस्तिका ठेवा बाजूला नं मामाच्या अल्बममधले फोटो काढा. बाजूनं, मागून, वरून भेटला तर सोन्याहून पिवळं.

करवतवाला_कोल्हापूर:
बाराखडीच बदलली ह्या माणसानं. हेच बरोबर आहे.

बिनसाखरे, फोटोवरून माप असं काढ. चाकाचा व्यास ठाऊक असला की फोटोतलं बाकी सगळं त्याच्या पटीत मोजता येतं, फक्त फोटो शक्यतो काटकोनात घेतलेला हवा. पाईप सव्वा इंची धरला तर १/२४ ला १.३ मिमी. त्याला प्लास्टिकची दांडी वापरू नकोस, वाकवताना पांढरी पडते आणि तुटते. वायरिंगच्या केबलमधली जाड तांब्याची तार घे. आधी दोन टोकं पकडीत धरून ताण द्यायचा म्हणजे सरळ होते, मग वाकवायची.

आता कापायचं कसं:
फ्लोअर आणि बॉडी आधी तात्पुरती जोडून बघ. छप्पर शेवटी काप, आधी नाही. छप्पर गेलं की बॉडी पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी लवते आणि मग काप सरळ येत नाही. कापायच्या रेषेवर मास्किंग टेपचे तीन-चार थर लाव, करवतीला ती कड मिळते. करवत बारीक दातांची. घाई केलीस तर प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं. दोन तुकडे झाले की आतून एक मिमी शीटच्या पट्ट्या चिकटव, बाहेरून फट भर. फट भरायला किटच्याच स्प्रूचे (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात ती) बारीक तुकडे मॉडेल जोडायच्या पातळ सिमेंटमध्ये विरघळवून घट्ट लापशी कर. तेच प्लास्टिक, त्यामुळं घासताना एकसारखं घासलं जातं. पण एक दिवसात घासायला जाऊ नकोस. वाळताना आक्रसतं. तीन दिवस थांब.

सूक्ष्ममापी:
शीट घेताना सनबोर्ड घेऊ नका. तो पीव्हीसीचा फोम असतो, स्टायरीनचा सिमेंट त्याला तसा धरत नाही. हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनची शीट मागा. हा सिमेंट म्हणजे गोंद नव्हेच. तो दोन्ही बाजूंचं प्लास्टिक मऊ करतो आणि ती एकमेकांत मुरतात. म्हणून जोड पक्का होतो, आणि म्हणूनच बोटाचा ठसा उमटला की कायमचा.

दातदुखी:
व्यवसायाने डेंटिस्ट आहे, छंदाने रणगाडे करते. कोपऱ्यातलं कोरायला दातांचे जुने प्रोब (टोकदार सळई) आणि बर (ड्रिलचं कोरायचं टोक) सगळ्यात उत्तम. ओळखीच्या डेंटिस्टला विचारा, निकामी झालेले असतात, स्टरलाइज करून देईल. पण मोटरला बर लावून स्टायरीन कोराल तर वेग अगदी कमी ठेवा, नाहीतर कोरलं जाण्याऐवजी वितळतं. आणि मास्क लावा. तीन वर्षांची मुलगी आहे म्हणताय, तर घासायचं काम ओल्या पॉलिश पेपरने करा, भुकटी उडत नाही.

खिडकीच्या काचा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावू नका कुणी. त्याची वाफ काचेवर बसून पांढरी साय धरते. माझी एक जीप कायमची धुक्यात अडकली आहे.

गोदाकाठ:
विषय जीपचा निघालाच आहे तर. आमच्याकडे १/३५ ची टामियाची विलिस आहे, मुलाने केलेली. हे १/३५ प्रमाण कुठून आलं हे कुणाला माहीत आहे का? १/२४ समजतं, एक फूट म्हणजे अर्धा इंच. पण पस्तीस?

सूक्ष्ममापी:
बॅटरीमुळे. टामियाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठेवला, मग मोजलं तर ते प्रमाण साधारण १/३५ भरलं. पुढच्या गाड्या त्याच्या शेजारी ठेवायच्या म्हणून तेच चालू राहिलं आणि आता जगभर रणगाड्यांचं प्रमाण तेच. कंपनीचे प्रमुख राहिलेल्या शुनसाकू टामियांनी स्वतःच हे सांगितलेलं आहे. कंपनीची सुरुवात १९४६ ला लाकडाच्या वखारीपासून. टामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी हे सगळे एकाच शिझुओका प्रांतातले.

चिमटा:
म्हणजे शिझुओका हे प्लास्टिकचं इचलकरंजी.

गोदाकाठ:
हे फारच भारी. धन्यवाद. माझे वडील महिंद्राची सीजे३बी चालवायचे, उंच बॉनेटची. ते उंच का असतं हेही सांगून टाका.

करवतवाला_कोल्हापूर:
त्यात एफ-हेड इंजिन बसवलं, ते जुन्या इंजिनापेक्षा उंच. खाली जागा नाही म्हटल्यावर बॉनेट वर उचललं, बस्स. अमेरिकेत १९६८ ला बंद पडली, आपल्याकडं पुढं कितीतरी वर्षं चालू होती. विलिसच्या किटवरून सीजे३बी करायची माझी इच्छा आहे, बायकोची नाही.

अर्धवट_पेंटर:
रंगाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. एअरब्रश नसेल तर स्प्रे कॅन चालेल, पण हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा स्प्रे थेट प्लास्टिकवर मारू नका. त्यातलं थिनर तिखट असतं, पत्रा कुरतडल्यासारखा दिसायला लागतो. आधी मॉडेलचा प्रायमर, एकदम हलका हात, तीन वेळा. आणि पावसाळ्यात मारू नका! मी जुलैत ठाण्यात बाल्कनीत लॅकर मारला. हवेत इतकं पाणी की वाळता वाळता रंगावर पांढरट झाक आली. हिरवी जीप कोबीसारखी झाली.

काचेरी:
ब्रशने रंगवा की. लोक एअरब्रशचा बाऊ करतात. वॉलेहोचे रंग थोडे पातळ करा, ब्रश रुंद आणि मऊ घ्या, एकाच दिशेला तीन-चार पातळ थर. सफारीची गाडी काही शोरूमची नसते. तिच्यावर एअरब्रशची गुळगुळीत फिनिश उलट खोटी दिसेल.

अर्धवट_पेंटर:
ब्रशने बॉनेटवर रेघा येतातच. असहमत.

काचेरी:
तुमच्या येत असतील.

चिमटा:
🍿

बिनसाखरेचा:
भांडू नका, मुलीसमोर बाल्कनीत स्प्रे मारणं शक्यच नाही, त्यामुळे ब्रशच. आता पुढचा प्रश्न, धूळ. आमच्या अंगणातली लाल माती चाळून लावली तर?

मोहर्लीकर:
लाल कशाला जी? तुम्ही रत्नागिरीची गाडी करून राहिले काय? आमच्याकडं उन्हाळ्यात मुरमाची फिकी बदामी धूळ. टायरवर, मडगार्डच्या मागं, मागच्या फळीवर सगळ्यात जास्त, कारण गाडी आपलीच धूळ मागं ओढते. काचेवर वायपर फिरतो तेवढाच पंखा साफ. बॉनेट तर ड्रायव्हर रोज फडक्यानं पुसते, तिथं जास्त धूळ नका देऊ.

करवतवाला_कोल्हापूर:
आणि अंगणातली माती कितीही चाळलीस तरी एक मिमीचा कण राहिला तर १/२४ मध्ये ती २४ मिमीची खडी होते. धूळ नाही, खाणीचं काम चाललंय असं वाटेल. पिगमेंट पावडर घे, किंवा रंगीत खडू पॉलिश पेपरवर घासून पूड कर. वर मॅट व्हार्निशचा हलका थर दे, नाहीतर हात लागला की निघते.

सूक्ष्ममापी:
नंबर प्लेट विसरू नका. सफारीची गाडी म्हणजे पिवळी पाटी, काळी अक्षरं. मागची ३४० बाय २०० मिमी धरलीत तर १४.२ बाय ८.३. प्रिंटरवर सहज निघेल.

बिनसाखरेचा:
*दोन महिन्यांनी*

धागा वर काढतोय, क्षमस्व. स्नॅप किट कापलं, वाकडं कापलं, शिकलो. मग धीर करून खरं कापलं. पहिला काप सरळ आला. दुसऱ्या कापाला करवत घसरली आणि डावी बाजू उजवीपेक्षा जवळजवळ एक मिमी आखूड झाली. वरून बघितलं की गाडी डावीकडे वळतेय असं वाटतं. रात्री अकरा वाजता लक्षात आलं, तेव्हापासून झोप नाही.

करवतवाला_कोल्हापूर:
झोप. आणि पुट्टी भरू नकोस त्यात. जोड पुन्हा उघड, डाव्या बाजूला एक मिमी शीटची पट्टी घाल आणि परत बसव. चिकटवताना गाडी काचेच्या तुकड्यावर ठेव, चारी चाकं टेकली पाहिजेत. काच कधी खोटं सांगत नाही.

दातदुखी:
आणि उघडायला ताकद लावू नका. जोडावर पातळ सिमेंट सोडा, थोडं थांबा, सुरीचं पातं हळू सरकवा. सुटेल.

चिमटा:
आणि नाहीच जमलं तर मामांना सांगायचं, तुमची गाडी वाघ बघून डावीकडे वळतेय.

बिनसाखरेचा:
*डिसेंबर*

झाली. दिली. लांब लिहितो, माफ करा.

एक मिमीची पट्टी घातली, आता सरळ आहे. सीटा फोटोवरून, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा उंच. पाईप तांब्याच्या तारेचे. हिरवा रंग ब्रशने पाच थर, बॉनेटवर दोन रेघा आल्याच (अर्धवट_पेंटर, हसू नका). धूळ खडूची, बदामी. समोरची जाळी किटमधली वेगळी होती, ती मी फोटो बघून शीटमधून कोरली. तिच्यात माझा एक पूर्ण रविवार गेला आणि ती अजूनही मला थोडी तिरकी दिसते.

मामाने चष्मा लावला, गाडी उचलली, उलटी केली, खाली बघितलं. मी श्वास रोखून. मग म्हणाला, "पायरी कुठाय?" डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या पुढे त्याने लोखंडी पट्टीची पायरी वेल्ड करून घेतली होती, म्हाताऱ्या पाहुण्यांना चढता यावं म्हणून. अल्बममधल्या सगळ्या फोटोंत ती बाजू नेमकी कुणाच्या तरी पायाआड. ती राहिली. मग अर्धा तास त्याने मला कुठली सीट कधी बदलली आणि कुठल्या पाईपला कुणाचं डोकं आपटलं ते सांगितलं. गाडी सगळा वेळ हातातच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर मामीने गाडी ओल्या फडक्याने पुसलेली. "किती धूळ बसली होती रे, प्रवासात." बॉडीवर व्हार्निश होतं म्हणून ती वाचली, पण चाकांवर मारायचं मी विसरलो होतो. आता गाडी मळकी आणि टायर कोरे करकरीत. परत धूळ लावून देतो म्हटलं तर मामा म्हणाला, राहू दे, नवीन टायर टाकलेत असं समजू.

काचेरी:
माझे शब्द मागे घेते. पडदे चांगले झालेत.

मोहर्लीकर:
मामाला नमस्कार सांगा जी. भावाला फोटो दाखवला, तो म्हणते, "स्टेपनी मागं बरोबर लावली."

करवतवाला_कोल्हापूर:
पायरी अजून लावता येते. अर्धा मिमी शीटची तीन मिमी रुंद पट्टी, इंग्रजी एल सारखी वाकवायची नाही, दोन तुकडे काटकोनात चिकटवायचे. वरून पॉलिश पेपरचा खरबरीत तुकडा, पाय घसरू नये म्हणून. मामाला विचार, पायरी जमिनीपासून किती उंच होती.

बिनसाखरेचा:
विचारलं. म्हणाला, "मामीच्या गुडघ्याएवढी." मोजून कळवतो.